फावल्या वेळची परकी भाषा



ज्या शाळेत मी पाटी-पेन्सिल घेऊन बसलो, त्याच शाळेच्या प्रांगणात गुरुजींच्या स्मरणार्थ बोलण्याचा मान मला मिळाला, याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. गुरुजी आम्हांला मराठी शिकवीत. पण त्यांचा तास कधी एकट्या मराठीचा नसे. फळ्याच्या कोपऱ्यात ते रोज एक शब्द लिहीत आणि विचारीत, 'याचे माहेर कोणते?' 'अक्का' कन्नडच्या घरून आली, 'कागद' फारसीकडून आला, 'बटाटा' पोर्तुगिजांनी आणला, असे एकेक उलगडत जाई. शब्दाचे माहेर विचारणे म्हणजे त्याला परका ठरविणे नव्हे, हे ते आवर्जून सांगत. आजचा माझा विषय त्या फळ्याच्या कोपऱ्यातूनच निघाला आहे.

गेली काही वर्षे आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी मला एक प्रश्न विचारतात. कुणी पुण्यात असतो, कुणी हैदराबादेत, कुणी आखाती देशांत. 'सर, संध्याकाळी तासभर मिळतो. एखादी परकी भाषा शिकावी म्हणतो. कोणती निवडू?' प्रश्नाबरोबर यादीही तयार असते : जर्मन, फ्रेंच, जपानी, स्पॅनिश. नोकरीसाठी भाषा शिकायची असेल तर नोकरीच ती निवडून देते; तेथे माझ्या सल्ल्याचे काम नाही. परंतु फावल्या वेळची भाषा ही निराळी गोष्ट आहे. तिच्यामागे परीक्षा नसते, पगार नसतो. ती केवळ ओढीवर टिकते. म्हणून निवड चुकली तर वर्ष-दोन वर्षांत ती सुटते, आणि 'आपल्याला भाषा येत नाहीत' असा एक खोटा समज तेवढा मागे उरतो. हे मी अनुभवाने सांगतो.

प्रथम 'परकी' या शब्दाविषयी. १९५६ साली हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. जुन्या बिदर जिल्ह्याचे काही तालुके मुंबई राज्यात गेले, काही आंध्रात, उरलेले म्हैसूर राज्यात आले. सीमेची रेघ शेतांवरून गेली, तशी ती मनांवरूनही गेली. ज्या कन्नडमध्ये माझी आई बाजारात भाजीचा भाव करी, त्या कन्नडला आम्ही तरुणपणी परकी म्हणू लागलो. अभिमानापोटी मी ती कितीतरी वर्षे नीट वाचायलाही शिकलो नाही. ती माझी चूक होती, एवढे येथे कबूल करून पुढे जातो. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू (१८१७–१८६५) मराठीत, कन्नडमध्ये आणि हिंदुस्थानीतही पदे रचीत होते. त्या भूमीत कन्नड ही परकी भाषा होऊ शकत नाही. ती निवडायची नसते. ती यावीच लागते.

आता माझ्या चुकलेल्या निवडीची कथा. १९७६ च्या सुमारास पीएच. डी.च्या संशोधनासाठी मी पुण्यास राहत होतो. विद्वानाला जर्मन आली पाहिजे, असा तेव्हा एक समज होता. मीही वर्गात नाव घातले. दोन वर्षे क्रियापदांची रूपे घोकली आणि प्रमाणपत्र मिळविले. मग गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, प्राध्यापक म्हणून रुजू झालो. तेथे जर्मन बोलायला माणूस नव्हता, वाचायला वृत्तपत्र नव्हते. आणि खरे सांगायचे तर मूळ जर्मनमधूनच वाचावे असे एकही पुस्तक माझ्या मनात नव्हते. मला जर्मन नको होती, जर्मन येणाऱ्याची प्रतिष्ठा हवी होती. पाच वर्षांत सारे विसरलो. प्रमाणपत्र तेवढे अजून आहे.

दुसरी भाषा मी निवडली नाही. ती घरातल्या एका ट्रंकेतून निघाली.

आमच्या घरी मेणकापडात गुंडाळलेला एक जुना कागद होता. आजोबा त्याला 'सनद' म्हणत. ओढ्याकाठचे चार एकर रान आमच्या शाखेला मिळाल्याची ती सनद, असे घरात मानले जाई. चुलत्यांचे म्हणणे निराळे होते. १९६८ पासून दोन्ही घरांचे बोलणे थांबले, लग्नकार्याची आमंत्रणे बंद झाली. कज्जा कोर्टात कधी गेला नाही, म्हणून तो कधी संपलाही नाही. विशेष हे की तो कागद कोणीही वाचलेला नव्हता. माझे वडील निजामी राजवटीत उर्दूतून शिकलेले. पण कागद त्याच्याही आधीच्या काळचा, मोडक्या वळणाच्या फारसीत. संस्थानच्या कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली ती १८८० च्या दशकात. वडिलांना त्यातली दोन-तीन नावे लागत. बाकीचे ते आजोबांच्या शब्दावर सांगत.

२०१० साली मी निवृत्त झालो आणि पुढल्या वर्षी तो कागद घेऊन बिदरच्या एका वयोवृद्ध उर्दू शिक्षकांकडे गेलो. मी त्यांना मास्टरसाहेब म्हणत असे. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडाकडे धरला, बराच वेळ ओठांतल्या ओठांत वाचले आणि म्हणाले, 'प्रोफेसरसाहेब, ये सनद नहीं, रसीद है.'

फसली १२७०, म्हणजे इसवी सन १८६० च्या सुमारास भरलेल्या शेतसाऱ्याची ती पावती होती. भरणा दोन भावांनी मिळून केला होता. त्यांतले एक माझे पणजोबा. दुसरे चुलत्यांच्या घरी वारसा म्हणून दत्तक गेलेले त्यांचे धाकटे बंधू. ज्या कागदावरून दोन घरे चाळीस वर्षांहून अधिक काळ तुटली, त्या कागदावर ती दोन्ही घरे एका ओळीत होती.

चुलते तोवर निवर्तले होते. मी मजकुराचा मराठी तर्जुमा करून चुलतभावाकडे नेला. तो वाचून बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'दादा, हे आबांना वाचून दाखवायला हवे होते.' त्या दिवाळीला त्यांच्या घरून फराळाचे ताट आले. शेताचे काय झाले, असे आपण विचाराल. ते ज्याच्या वहिवाटीत होते त्याच्याकडेच राहिले. पण आता त्यावरून कोणी तोंड फिरवीत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी मास्टरसाहेबांना म्हणालो, 'मला फारसी शिकवा.' वय एकसष्ट. आठवड्यातून दोन दिवस, त्यांची दुपारची नमाज आटोपल्यावर, आम्ही बसू लागलो. जुन्या मदरशांत मुलांच्या हाती प्रथम 'आमदनामा' देत. त्यात क्रियापदे चालविण्याचा पाठ असतो. 'आमद' म्हणजे आला. मी थबकलो. आपली 'आमदनी' म्हणजे जे घरी आले ते! 'रसीदन' म्हणजे पोहोचणे. पोहोचल्याची खूण ती रसीद. आणि मराठीत आपण तिला काय म्हणतो? 'पावती'. पावणे म्हणजेही पोहोचणे. पत्र मिळाल्याची कळवतो तिला 'पोच' म्हणतो. शब्द तीन, कल्पना एकच. गावाच्या नावापुढचे 'खुर्द' म्हणजे धाकटे आणि 'बुद्रुक' म्हणजे 'बुजुर्ग', थोरले. 'अब्रू' म्हणजे चेहऱ्यावरचे पाणी. आपणही पाणी गेले म्हणतोच. परकी म्हणून ज्या घरात शिरलो, तेथे दर पावलावर ओळखीची माणसे भेटत होती. त्यात या भाषेच्या नामांना लिंगच नाही. मराठीची तीन लिंगे सांभाळत आयुष्य गेलेल्या मास्तराला हा केवढा दिलासा!

शिवाय ज्या गावात मी ती शिकत होतो, ते बिदर. इराणातल्या गीलान प्रांतातून आलेला महमूद गवान येथे बहमनी राज्याचा वजीर झाला. १४७२ साली पुऱ्या झालेल्या त्याच्या मदरशाच्या भिंतीवर रंगीत फरशांचे तुकडे अजून चमकतात. त्याच्या पत्रांचा 'रियाज-उल-इन्शा' हा संग्रह फारसी पत्रलेखनाचा नमुना मानला जातो. आणि दैवगती अशी की तो मेला तो एका पत्रापायीच. शत्रूंनी त्याचा शिक्का उमटविलेला कोरा कागद मिळवून त्यावर राजद्रोहाचा मजकूर लिहिला. सुलतानाने शहानिशा केली नाही, आणि ५ एप्रिल १४८१ रोजी त्याचा वध झाला. कागद कोण लिहितो, कोण वाचतो आणि कोण न वाचताच विश्वास ठेवतो, यावर राज्येही बुडतात आणि घरेही. आमचा कागद खोटा नव्हता. तो फक्त न वाचलेला होता.

कोणी म्हणेल, फारसी तर राज्यकर्त्यांची भाषा. तिचे कौतुक कशाला? शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच. हे खरे आहे. पण तो कोश रचणाऱ्यांना फारसी उत्तम येत होती, हेही तितकेच खरे. जी भाषा येत नाही, तिच्यापासून स्वातंत्र्यही मिळविता येत नाही.

या वाटेने आपल्याआधी थोर माणसे गेली आहेत. फर्गसन महाविद्यालयात फारसी शिकविणाऱ्या माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे माधव जूलियनांनी, १९२५ साली फारसी-मराठी कोश दिला आणि मराठी कवितेत गझल रुजविली. सेतुमाधवराव पगडी १९१० साली निलंग्यास जन्मले. निलंगा तेव्हा बिदर जिल्ह्यातच होते. त्यांनी फारसी साधनांतून मराठ्यांचा इतिहास मराठीत आणला. पण मला त्यांची दुसरी निवड अधिक मोलाची वाटते. आदिलाबादच्या जंगलात सरकारी अधिकारी असताना ते गोंडी शिकले, आणि गोंडी व कोलामी या भाषांची व्याकरणे त्यांनी लिहिली. त्या भाषेने त्यांना प्रतिष्ठा मिळणार नव्हती. समोर बसलेल्या माणसाचे गाऱ्हाणे मात्र कळणार होते.

यावरून माझे उत्तर आपल्या ध्यानी आले असेल. सर्वांनी फारसी शिकावी असे मी म्हणत नाही. भाषा निवडताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. या भाषेत असे काय आहे, जे दुसऱ्याच्या तोंडून ऐकून माझे समाधान होणार नाही? ती मला रोज कोठे भेटेल? आणि कोणी शाबासकी देणारा नसला तरी तिसऱ्या वर्षी मी तिच्यापाशी बसेन का? आखातात काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याला फ्रेंच शिकायची होती. मी म्हटले, दिवसभर कानांवर अरबी पडते आहे, ती आधी शीक. ज्या आजी-आजोबांची नातवंडे जर्मनीत वाढताहेत, त्यांना मात्र मी जर्मनच सुचवीन. जी भाषा माझ्याजवळ सुकली, ती त्यांच्याजवळ फुलेल, कारण तिच्या पलीकडे त्यांचे माणूस उभे आहे. जवळीक नकाशावर मोजायची नसते.

मास्टरसाहेब आता नाहीत. छापील 'गुलिस्ताँ' मी हळूहळू वाचतो. मोडक्या वळणाचे हस्ताक्षर मात्र मला अजून नीट लागत नाही, आणि ते वाचणारी माणसे आपल्या भागात झपाट्याने कमी होत आहेत. या सभागृहात बसलेल्या कितीकांच्या घरी असे कागद असतील; फारसी असतील, उर्दू असतील, मोडीही असतील. ते 'सनद' म्हणून जपले जात असतील, किंवा रद्दी म्हणून उद्या विकले जातील. आपल्यापैकी चार जणांनी जरी फावला वेळ त्या लिप्यांना दिला, तरी गुरुजींच्या स्मृतीला याहून चांगले अभिवादन नाही.

गुरुजी शब्दांचे माहेर विचारीत. माहेरचा निरोप वाचता यावा, एवढ्यासाठी तरी एखादी भाषा शिकावी.