पगारपत्रकाबाहेरची माणसे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



मला इथे कवी म्हणून बोलावले आहे, पण आज मी नोकरीविषयी बोलणार आहे. बी.ए. झाल्यावर गडचिरोली जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीत मी बरीच वर्षे कारकून होतो. माझ्या टेबलावर सर्वांत जाड फाईल असायची ती बदलीच्या अर्जांची.

एक माडिया आजी घरकुलाच्या दुसऱ्या हप्त्यासाठी तीनदा येऊन गेली. आमच्या घरी उर्दू, कचेरीत मराठी. माडिया मला येत नव्हती. दफ्तर, अर्ज, तारीख हे कचेरीतले शब्द फारसीतून मराठीत आलेले, म्हणून माझ्या घरचेच. आजीला मात्र त्यातला एकही ओळखीचा नव्हता. ती बोलायची आणि मी हाताने खुणावायचो, पुढच्या सोमवारी या. चौथ्या खेपेला अहवाल द्यायला आलेल्या एका अंगणवाडीताईंनी तिचे ऐकून घेतले. मला म्हणाल्या, ‘‘भाऊ, भिंती कधीच्याच उभ्या झाल्या म्हणते. पाहायला कोणी आलंच नाही. पावसाआधी छत झालं नाही तर भिंती बसतील म्हणते.’’

पाहणी करणाऱ्याचे पद रिकामे होते. ताईंनी दोन मिनिटांत केलेले काम मला पगार घेऊन जमले नव्हते. ताईंना पगार नव्हता, मानधन होते.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. नवी कार्यालये आली, पदे मंजूर झाली. पण बाहेरून आलेला माणूस पहिल्या दिवसापासून परतीचे दिवस मोजतो. त्याला दोष कसा द्यावा? मुलांची शाळा, म्हाताऱ्या आईचे औषधपाणी त्यालाही आहे. शासनाने २००२ मध्ये नक्षलग्रस्त भागातील कर्मचाऱ्यांना प्रोत्साहन भत्ता आणि एकस्तर वेतनश्रेणी दिली. तरी अर्जांची फाईल बारीक झाली नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद व्हायचा. साहेब अलीकडे अडकायचे. अंगणवाडीताईंचे घरच पलीकडे.

आपल्याच जिल्ह्याने याचा एक धडा साऱ्या देशाला दिला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ संस्था सुरू केली. पुढे त्यांनी ३९ गावांत गावातल्याच, थोडेफार शिकलेल्या बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, जंतुदोष ओळखून औषध देणे हे सारे त्या शिकल्या. त्या गावांत नवजात बालमृत्यूचे प्रमाण हजारी ६२ होते. १९९७-९८ मध्ये ते २५ च्या आसपास आले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे काम छापले. २००५ मध्ये ‘आशा’ योजना आली आणि २०११ पासून घरोघरी जाऊन नवजात बाळाची तपासणी करण्याचे काम देशभरच्या आशाताईंकडे सोपवले गेले.

म्हणजे शासनाने आपल्या बायांचे काम उचलले. पण त्यांना नोकरीत घेतले नाही. आशाताई कागदावर स्वयंसेविकाच राहिली. तिला मिळतो तो मोबदला. कविसंमेलनाचे मानधन मलाही मिळते, शालीसोबत पाकिटात. त्यावर माझे घर कधी चालले नाही. घर चालले ते कारकुनीच्या पगारावर. ज्या बाईचे घरच मानधनावर चालवायचे आहे, तिला या शब्दातला मान किती दिवस पुरेल? अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, हेसुद्धा २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

९ जून २०१४ रोजी राज्यपालांनी अधिसूचना काढली. अनुसूचित क्षेत्रातील तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशी पदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांतून भरावीत, असे तिने ठरवले. त्यावरून आपल्याकडे मोर्चे निघाले. याच गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या इतर समाजांच्या मुलांनी विचारले, आम्ही कुठे जायचे? त्यांत माझ्या नात्यातली मुलेही होती. पुढे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील शिक्षकांचे असेच शंभर टक्के आरक्षण रद्द केले.

हा प्रश्न सोपा नाही. पण मला चौथ्या खेपेची ती आजी आठवते आणि वाटते, खुर्चीवरच्या माणसाला तिचे बोलणे कळले पाहिजे, ही अट कोणत्याही समाजाच्या उमेदवाराला लावता येईल. माडिया-गोंडी शिकता येते. मी शिकलो नाही, हा माझा आळस.

म्हणून माझे मागणे लहानच आहे. दहा-पंधरा वर्षे गावात काम केलेल्या आशाताईला, अंगणवाडीताईला पुढचे शिक्षण द्यावे, परीक्षेची तयारी करून द्यावी आणि तिचा अनुभव भरतीत मोजावा. जिल्हा परिषदेच्या भरतीत ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांसाठी दहा टक्के जागा ठेवल्या जातात. तशी वाट या बायांसाठीही रुंद करता येईल.

त्या आजीचा हप्ता निघाला, पण पाऊस लागल्यानंतर. तोवर एक भिंत बसली होती. ही बातमीही मला त्या ताईंनीच आणून दिली.