'लायडार' : शब्द आणि त्याचे सामर्थ्य

(जालना जिल्ह्यातील राजूर येथे पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामस्तरीय कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



मुंबई–नागपूर अतिजलद रेल्वेच्या प्रस्तावित मार्गाचे हवाई सर्वेक्षण मार्च 2021 मध्ये सुरू झाले. नाशिक, आजचे छत्रपती संभाजीनगर आणि जालना असा हा मार्ग पुढे विदर्भात जातो. या सर्वेक्षणासाठी जे तंत्र योजण्यात आले त्याचे नाव 'लायडार'. तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे रुळू लागला आहे, आणि त्याबरोबर काही गैरसमजही रुळत आहेत. आकाशातून काहीही फिरले की 'लेझरने मोजणी झाली' असे म्हटले जाते. हा केवळ भाषेचा प्रश्न नाही. गावाच्या जमिनीचा प्रश्न आहे.

प्रथम शब्द पाहू. 'लाइट' आणि 'रडार' यांच्या जोडातून तो सिद्ध झाला. रडार रेडिओ लहरी सोडून परतणाऱ्या लहरीवरून अंतर काढते, लायडार तेच काम प्रकाशाने करते. पहिला लेझर 1960 साली तयार झाला आणि या तंत्राला खरे बळ मिळाले. 1971 मध्ये 'अपोलो 15' यानातून चंद्रपृष्ठाचे चढउतार लेझरने मोजण्यात आले. 'सुदूर संवेदन' हा आपला सुंदर शब्द. परंतु त्यात उपग्रहाचे छायाचित्रही येते. लायडार हा त्याचा एक प्रकार. रडार आणि लेझर हे शब्द मराठीने जसेच्या तसे घेतले, तसाच हाही घ्यावा असे माझे मत आहे. अवजड संस्कृत पर्याय घडवून विद्यार्थ्यांना पाठ करायला लावण्यात फारसा अर्थ नाही.

आता कार्यपद्धती. विमानातील यंत्र दर सेकंदाला लक्षावधी प्रकाशस्पंद जमिनीकडे सोडते. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर. विमान 600 मीटर उंचीवर असेल तर स्पंद जमिनीवर आपटून सेकंदाच्या 10 लाख भागांपैकी 4 भागांत परत येतो. या वेळेवरून अंतर, आणि विमानाच्या अचूक स्थानावरून त्या बिंदूची उंची ठरते. मौज अशी की एकच स्पंद अनेकदा परतू शकतो : थोडा मोसंबीच्या शेंड्यावरून, थोडा फांदीवरून, उरलेला पानांच्या फटीतून खाली मातीवरून. झाडे वजा करून उघड्या जमिनीचा नकाशा काढता येतो, तो यामुळेच.

हे आपल्याला का हवे? राजुरेश्वराची टेकडी कोणालाही दिसते. अडचण सपाट रानाची आहे. आपल्या परिचयाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशात समोच्च रेषा साधारणतः 20 मीटरच्या अंतराने असतात. दोन रेषांमध्ये अख्खे शिवार सामावते. पाणी कोणत्या बांधाकडे वळेल, नाल्यावरील बंधाऱ्याचा फुगवटा कोणाच्या शेतात शिरेल, हे त्यावरून कळत नाही. लायडारने उंचीतील काही सेंटिमीटरांचा फरकही टिपता येतो. सतत अवर्षण सोसणाऱ्या जिल्ह्यात या माहितीचे मोल वेगळे सांगायला नको. 2021 मध्ये केंद्र सरकारने 10 राज्यांतील वनक्षेत्रांचे लायडार सर्वेक्षण जलसंधारणाच्या आराखड्यांसाठीच पुढे आणले. त्यांत महाराष्ट्र होता.

परंतु हा किरण जमिनीच्या आत जात नाही. विहिरीला पाणी कोठे लागेल हे लायडार सांगत नाही, आणि तसे सांगणाऱ्यास पैसे देऊ नयेत. सर्वेक्षणात सामान्यतः वापरला जाणारा अवरक्त किरण पाण्यात शोषला जातो. म्हणून भरलेल्या तलावाचा तळ त्याला दिसत नाही. हिरवा किरण स्वच्छ पाण्यात उतरतो, आपल्या गढूळ पाण्यात नव्हे. साठवण तलावाची मोजणी तळ उघडा पडल्यावर उन्हाळ्यातच करावी. दाट उसातही जमिनीपर्यंत स्पंद कमीच पोहोचतात.

आणखी एक भेद. 'स्वामित्व' योजनेत गावठाणांवर जे ड्रोन फिरले त्यांनी मुख्यतः छायाचित्रे घेतली. एप्रिल 2020 मध्ये ही योजना देशभर जाहीर झाली. त्यापूर्वीच पुणे जिल्ह्यातील सोनोरी येथे तिचा प्रयोग झाला होता. तेथेही मिळकत पत्रिका केवळ चित्रावरून झाली नाही. हद्दी जागेवर दाखवाव्या लागल्या, चौकशी झाली, मग नोंद. यंत्राला भिंत दिसते, बांध दिसतो; मालकी दिसत नाही. ती भूमी अभिलेखात असते.

म्हणून रेल्वेचे विमान शेतावरून गेले याचा अर्थ जमीन गेली असा होत नाही. ते सर्वेक्षण मार्गाची आखणी तपासण्यासाठी असते. संपादन करायचे तर अधिसूचना, हरकती, सुनावणी आणि जागेवरील संयुक्त मोजणी हे टप्पे वेगळे आहेत. उलट, विमान गेले पण नोटीस आली नाही म्हणून निर्धास्त राहणेही बरे नाही. वारसाच्या राहिलेल्या नोंदी, सातबाऱ्यावर न चढलेली विहीर वा फळबाग यांची दुरुस्ती तलाठ्याकडे आजच सुरू करता येते. मोबदल्याच्या वेळी तंटा होतो तो बहुधा याच नोंदींवरून.

सर्वेक्षण पथक गावी आले तर ग्रामसभेने तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : पाहणी कोणत्या कामासाठी, यंत्र कोणते, आणि तयार होणारा नकाशा ग्रामपंचायतीस मिळणार का. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो नकाशा मिळाला तर गावचा पाणलोट आराखडा करताना उपयोगी पडेल.