माझे सांगणे गेले कुठे?



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी कामगार यांपैकी कशावर तरी आम्ही बोलू अशी त्यांची अपेक्षा होती. तीस वर्षे आम्ही त्यांवरच बोलत आलो. या खेपेस आम्ही त्यांना सांगितले की, संगणकावर प्रोग्रॅम बसवताना ज्या खिडक्या एकामागून एक उघडतात, त्यांच्यात आपली स्वतःची खिडकी कशी घालावी, यावर आम्हांला बोलायचे आहे. चिटणीस सभ्य गृहस्थ आहेत. ते हसले नाहीत. त्यांनी फक्त चष्मा पुसला.

आमची शाळा नववीत सुटली. लेथ आम्ही कारखान्यात शिकलो, कायदा लेबर कोर्टाच्या बाकावर, आणि संगणक युनियनच्या कचेरीत, रात्री साडेनऊनंतर. तेव्हा या शास्त्रातले कोणी समोर बसले असतील, तर त्यांनी आमची बोली सांभाळून घ्यावी.

आपणांपैकी बहुतेकांनी कधी ना कधी ‘सेटअप’ चालवला असेल. आधी स्वागताची खिडकी येते. मग परवान्याचा करार येतो; तो आजवर कोणी वाचल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मग प्रोग्रॅम कोणत्या फोल्डरात ठेवायचा ते विचारले जाते, मग ‘आता सुरुवात करू का’, मग सरकणारी पट्टी आणि शेवटी ‘फिनिश’. प्रदक्षिणा घालाव्यात तसे आपण चार-पाच वेळा ‘नेक्स्ट’ दाबतो आणि मोकळे होतो. या खिडक्यांना त्या शास्त्रात डायलॉग म्हणतात. डायलॉग म्हणजे संवाद. संवादात दोघे बोलतात आणि दोघे ऐकतात, अशी आमची समजूत होती. ती कशी बदलली ते आज सांगायचे आहे.

२०१६ साली आम्ही युनियनची सभासद-वही संगणकावर नेली. आमच्या एका सभासदाचा मुलगा डिप्लोमाला होता. त्याने वर्गणीच्या पावत्या छापणारा छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. तो सर्व शाखांत बसवायचे काम आमच्याकडे आले. प्रत्येक शाखेचा क्रमांक वेगळा आणि तो पावतीवर उमटला पाहिजे. म्हणजे सेटअपने तो विचारला पाहिजे. तयार खिडक्यांत असा प्रश्न नसतो, तो आपण घालावा लागतो.

साधने फुकट मिळतात, हे आम्हांला प्रथम खरे वाटेना. जॉर्डन रसेल या गृहस्थांनी १९९७ साली आणलेला ‘इनो सेटअप’ आहे. विनॅम्प हा गाण्यांचा प्रोग्रॅम काढणाऱ्या नलसॉफ्टने आपल्या गरजेपोटी केलेले एक साधन आहे. आणि मायक्रोसॉफ्टचे ‘विंडोज इन्स्टॉलर’ आहे, जे १९९९ मध्ये ऑफिस २००० बरोबर आले. त्याची फाईल एमएसआय या नावाने ओळखतात. ती तयार करण्याचे ‘विक्स’ हे साधन मायक्रोसॉफ्टने २००४ साली सर्वांना खुले केले. नवशिक्याला इनो सेटअप सोपा. आम्ही अवघड वाट धरली, कारण कामगारांच्या पतपेढीतले संगणक सांभाळणारे गृहस्थ म्हणाले, “एमएसआय असेल तर मी एका जागेवरून नऊ संगणकांवर बसवीन, नाहीतर तुम्ही नऊ खेपा घाला.”

एमएसआय फाईल म्हणजे आतून तक्त्यांची वहीच असते. एका तक्त्यात खिडक्या, दुसऱ्यात खिडकीवरच्या वस्तू, म्हणजे मजकूर, लिहिण्याची चौकट, बटण. तिसऱ्यात कोणते बटण दाबल्यावर काय व्हायचे. हजेरीपटावर आयुष्य काढलेल्या माणसाला हे परके वाटत नाही. विक्सच्या तयार खिडक्या इन्स्टॉलरच्या स्वतःच्या मापाने ३७० रुंद आणि २७० उंच असतात. त्यात इंग्रजी वाक्य जिथे मावते तिथे मराठी वाक्य मावत नाही, आणि ओळीची उंची इंग्रजीच्या हिशेबाची असल्यामुळे वेलांट्यांची डोकी कापली जातात. त्यातून देवनागरीला विंडोजच्या जुन्या कोडपेजांत जागाच नव्हती. युटीएफ-८ चा ६५००१ हा क्रमांक घालून आमचे काम भागले. पण प्रत्येक खिडकी जुन्यात जुन्या संगणकावर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आम्ही ती पुढे जाऊ देत नसू.

आपली खिडकी मध्ये घालणे म्हणजे चालत्या गाडीत एक डबा जोडणे. एकीकडचे कपलिंग लावून भागत नाही. आधीच्या खिडकीचे ‘नेक्स्ट’ आपल्याकडे वळवायचे, आपले ‘नेक्स्ट’ पुढच्या खिडकीकडे, पुढचीचे ‘बॅक’ आपल्याकडे आणि आपले ‘बॅक’ मागचीकडे. चार जोड. तिसरा विसरला, तर पुढे जाताना माणूस आपल्या खिडकीतून जातो, पण मागे येताना तिला ओलांडून येतो, आणि चुकलेला आकडा दुरुस्त करायची खिडकी त्याला सापडत नाही. गंमत अशी की तयार खिडकीच्या बटणाला जुना हुकूम चिकटलेलाच असतो. आपला हुकूम अनुक्रमाने त्याच्या नंतरचा द्यावा लागतो, कारण तेथे रांगेत शेवटी उभा असलेल्याचे चालते. असे कार्यालय आम्ही दुसरे पाहिले नाही.

हे सारे जमले. खिडकी उघडली, ‘शाखा कोड प्रविष्ट करा’ असे तिने विचारले, आम्ही १४ लिहिले, पुढच्या खिडकीने ‘शाखा १४’ असे दाखवलेही. आम्ही कचेरीत पेढे वाटले.

अडीच महिन्यांनी पॅकिंग खात्यातल्या आमच्या शाखा-चिटणीस बाई पावतीपुस्तक घेऊन आल्या. त्यांना सगळे ताई म्हणतात. पावतीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत शाखा ०१ छापलेले होते. ०१ म्हणजे मुख्य कचेरी. दुसऱ्या शाखांच्या पावत्या काढून पाहिल्या, तर तेथेही ०१. ताई म्हणाल्या, “दादा, खिडकीनं मला विचारलं, मी चौदा सांगितलं, तिनं चौदा म्हणून परत दाखवलं. मग माझं सांगणं गेलं कुठं?”

उत्तर शोधायला आम्हांला चार रात्री लागल्या. विंडोज इन्स्टॉलरचे काम दोन ठिकाणी चालते. खिडक्या दाखवणारा भाग समोर बसलेल्या माणसाच्या अधिकाराने चालतो; तो काउंटर. फाईली ठेवणारा, नोंदी करणारा भाग मागे, यंत्रणेच्या अधिकाराने चालतो, ते कोठार. काउंटरवर घेतलेले उत्तर एका नावाच्या कप्प्यात ठेवतात. त्या नावाची सर्व अक्षरे कॅपिटल असतील, तरच तो कप्पा कोठारात पाठवला जातो. नावात एक जरी लहान अक्षर असले, तर तो खासगी ठरतो आणि काउंटरवरच राहतो. कोठार मग फाईलीत आधीपासून लिहिलेली किंमत घेऊन काम करते. आम्ही कप्प्याचे नाव वाचायला सोपे जावे म्हणून पहिले अक्षर मोठे आणि बाकीची लहान असे ठेवले होते. आधीची किंमत ०१ होती. ‘शाखा १४’ असे परत दाखवणारी खिडकीही काउंटरवरचीच. तिला कोठारात काय चालले आहे ते ठाऊकच नव्हते. शिवाय काही ठिकाणी, जेथे माणसाला स्वतःचे अधिकार कमी असतात, तेथे पुढे जाऊ द्यायच्या कप्प्यांच्या यादीतही ते नाव घालावे लागते, हे त्याच वेळी कळले.

वाटाघाटीच्या टेबलावर आम्ही हा प्रकार अनेकदा भोगला आहे. साहेब ऐकून घेतात, वहीत टिपून घेतात, ‘तुमचे म्हणणे असे ना?’ म्हणून परत वाचूनही दाखवतात, आणि निर्णय आधीच टाइप होऊन दुसऱ्या खोलीत पडलेला असतो. त्याबद्दल आम्ही गेटवर किती भाषणे केली! आणि तसलेच टेबल आम्ही आमच्या हातांनी, मराठीत, वेलांट्या सांभाळून तयार करून शाखांना पाठवले होते.

याची किंमत पडली. त्या वेळच्या १९७१ च्या महाराष्ट्र कायद्याप्रमाणे मान्यता मागणाऱ्या युनियनचे अर्जाआधीचे सहा महिने सलग किमान ३० टक्के कामगार सभासद असावे लागत. आम्ही ज्या कारखान्यासाठी अर्ज करणार होतो, त्यातल्या सभासदांच्या पावत्या मुख्य कचेरीच्या नावावर निघाल्या होत्या. माणसे खरी, पैसे खरे. पण कागद दुसरेच बोलत होते. स्थळप्रती काढून हाताने यादी लावण्यात एक महिना गेला. तेवढ्यात दुसऱ्या युनियनने दिवाळीच्या बोनसचा करार करून टाकला, आमच्या मागणीहून कमी रकमेचा. ताईंच्या खात्यातल्या बायकांनी तो बोनस घेतला. आम्हांला कोणी बोलले नाही, आणि तेच जास्त लागले.

पतपेढीत वेगळेच झाले. तेथल्या गृहस्थांनी रात्री नऊ संगणकांवर मुक्याने सेटअप चालवला. तशी सोय असते. आज्ञेत एक खूण घातली की खिडक्या उघडतच नाहीत. म्हणजे आमची खिडकी कोणाला दिसली नाही, प्रश्न कोणाला विचारला गेला नाही, आणि काम मात्र ‘यशस्वी’ झाले. आता क्रमांक आज्ञेच्या ओळीतच लिहून देता येतो. फाईलीतली आधीची किंमत आम्ही काढून टाकली, आणि कोठाराच्या बाजूला अट घातली की क्रमांक नसेल तर काम थांबवावे व कारण नोंदवहीत लिहावे. ही अट आम्ही पहिल्यांदा इतकी कडक घातली की प्रोग्रॅम काढून टाकतानाही तो क्रमांक मागू लागला, आणि क्रमांक विचारायला खिडकी नसल्यामुळे निघेचना! ती फक्त नव्याने बसवतानाच लागू ठेवायची असते.

पुढच्या वर्षी आमच्या तरुण कार्यकर्त्यांनी दुसरी खिडकी सुचवली: ‘सभासदांचे मोबाइल नंबर मुख्य कचेरीला पाठवावेत’, आणि समोर चौकटीत खूण आधीच केलेली. कोणी काढणार नाही, सगळे नंबर आपोआप येतील. बाजारात हेच चालत होते. जावाच्या सेटअपमध्ये २०१५ पर्यंत ‘आस्क’ नावाचा टूलबार अशीच आधीची खूण करून गळ्यात घालत, आणि घाईने ‘नेक्स्ट’ दाबणाऱ्यांच्या संगणकात तो जाऊन बसे. पुढे १ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने प्लॅनेट४९ या कंपनीच्या खटल्यात सांगितले की आधीच केलेली खूण म्हणजे संमती नव्हे. आपल्याकडच्या २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यातही संमती स्पष्ट होकारार्थी कृतीने दिलेली हवी, आणि ती मागणारा मजकूर आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मिळण्याची सोय हवी, असे आहे. आमच्या सभेत तेव्हा यातले काही नव्हते. एका जुन्या सभासदाने एवढेच सांगितले की, त्यांच्या वडिलांचा अंगठा कोऱ्या कागदावर घेतला होता आणि कागद नंतर भरला होता.

खूण काढायचे ठरले. तेथेही ठेच लागली. आम्ही कप्प्यात शून्य लिहून ठेवले आणि चौकटीत खूण उमटलेली! विंडोज इन्स्टॉलरच्या लेखी कप्प्यात काहीही असले, अगदी शून्य असले, तरी तो होकार. ‘नाही’ म्हणायचे तर कप्पा रिकामाच ठेवावा लागतो. ते दुरुस्त करून आम्ही ताईंना खिडकी दाखवली. त्यांनी वाचली आणि विचारले, “नंबर आमच्या बायकांचे. खुर्चीवर मी बसले म्हणून त्यांच्या वतीनं हो म्हणणारी मी कोण?”

सेटअप फक्त खुर्चीवर बसलेल्या माणसाला विचारू शकतो, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. ती खिडकी आम्ही काढली. प्रश्न सभासद-अर्जावर गेला. ज्याचा नंबर, त्याची सही. नंबर अजून सगळे आलेले नाहीत. गेटवर उभे राहून मागावे लागतात.

पहिल्या खिडकीची भाषाही ताईंनी बदलली. ‘शाखा कोड प्रविष्ट करा’ हे त्यांना पोलीस ठाण्यातले वाटे. आता तेथे आहे: ‘आपल्या शाखेचा क्रमांक लिहा. तो पावतीपुस्तकाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात आहे.’ आणि ‘आपण १४ लिहिले’ असे परत दाखवणाऱ्या खिडकीवर आम्ही विसंबणे सोडले आहे. प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडला की कोठाराने खरोखर लिहून ठेवलेली नोंद वाचून तो एक नमुना-पावती छापतो. शाखा-चिटणीसाने तिच्यावरचा क्रमांक पाहायचा, सही करायची आणि कागद आमच्याकडे पाठवायचा. तोवर त्या शाखेचे पावतीपुस्तक सुरू होत नाही. या सह्या केलेल्या पावत्यांची फाईल आमच्या कचेरीत आहे. ज्यांना आपल्या वाचनालयासाठी वा सोसायटीसाठी असे काही करायचे असेल, त्यांनी संध्याकाळी सातनंतर येऊन ती पाहावी. चुकांची यादीही तिच्याच मागे लावली आहे. सर्व शाखांच्या पावत्या आल्या आहेत. पतपेढीच्या नऊपैकी एक अजून यायची आहे; त्या संगणकाचा प्रिंटर बिघडला आहे म्हणतात.