वाटाघाटींचा तास

पदवीच्या वर्गाला मी तासिका तत्त्वावर वाटाघाटींचं कौशल्य शिकवते. मुलांना वाटतं, वाटाघाट म्हणजे घासाघीस; कोण आधी नमतं, एवढंच. म्हणून मी सुरुवात इजिप्त आणि इस्रायल यांच्यातल्या कॅम्प डेव्हिडच्या वाटाघाटींपासून करते. १९६७च्या युद्धात इस्रायलने इजिप्तचा सिनाई द्वीपकल्प घेतला. इजिप्तला तो पूर्ण परत हवा होता, इस्रायलला काही भाग राखायचाच होता. नकाशावर रेघ कुठेही ओढली, तरी कुणीतरी नाराज. १९७८ साली वाट निघाली, ती दोघांना तो कशासाठी हवा हे पाहिल्यावर. इजिप्तला हवं होतं सार्वभौमत्व, इस्रायलला सुरक्षितता. सिनाई परत देण्याचं ठरलं, पण तिथल्या सैन्यावर कडक मर्यादा आल्या. फिशर आणि युरी यांनी वाटाघाटींवरच्या १९८१च्या ‘गेटिंग टू येस’ या पुस्तकात हेच उदाहरण दिलं आहे.

मग मी जोड्या पाडते : घरमालक आणि भाडेकरू. बोलणं फिसकटलं तर आपल्यापुढे दुसरा पर्याय कोणता, हे प्रत्येकाने आधी लिहून काढायचं. माझ्या मते अभ्यासक्रमातला सर्वांत मोलाचा भाग हाच. पहिल्या नोकरीचा पगार ठरताना कितीतरी मुलं हा विचार न करताच मुकाट मान डोलावतात. आणि हो, अबोल मुलं या सरावात अनेकदा पुढे जातात, कारण ती समोरच्याचं नीट ऐकून घेतात.