अजिंठ्याची भिंत आणि रसायनशाळा



अजिंठा पाहून आलेला माणूस हटकून म्हणतो, चित्रे फार पिवळी पडली आहेत हो! हा पिवळेपणा काळाचा, अशी आपली समजूत. पुष्कळ ठिकाणी तो वार्निशाचा आहे. एकोणिसाव्या शतकात नकला उतरविणाऱ्या चित्रकारांनी रंग उठून दिसावेत म्हणून वार्निश चढविले. पुढे निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी व ओर्सिनी हे तज्ज्ञ आणविले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी सुटू लागलेला गिलावा जागच्या जागी बसविला, हे उपकार मानलेच पाहिजेत. पण चित्रांवर त्यांनी लाखेचा हात दिला. ती लाख पिवळी पडली, आणि तिने धूळ व काजळीही धरून ठेवली.

मग पुसून टाका की! पण कशाने? प्रश्न येथेच अडतो. इटलीतील भित्तिचित्रांत रंग ओल्या चुन्यावर देतात. चुना वाळताना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन दगडासारखा घट्ट होतो आणि रंग त्यात कायमचा अडकतो. अजिंठ्याचे तसे नाही. १९३० नंतरच्या दशकात मद्रासच्या सरकारी संग्रहालयातील रसायनतज्ज्ञ परमशिवन् यांनी तेथील नमुन्यांचे पृथक्करण केले. खाली माती, भाताचे तूस व वनस्पतींचे धागे यांचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ लेप आणि तो सुकल्यावर सरसात कालविलेले रंग, असा हा प्रकार निघाला. सरस म्हणजे पाण्याचा शत्रू! ओल्या फडक्याने वार्निश हलणार नाही. रंग मात्र उतरेल. लाख विरघळते स्पिरिटमध्ये. पण जुनी झाली, की तीही सहजी विरघळत नाही. म्हणून वीतभर जागासुद्धा कापसाच्या बोळ्याने, थांबत थांबत, साफ करावी लागते.

रंगांचेही तसेच. तांबडा, पिवळा, हिरवा हे बहुधा माती-दगडांचे, काळा काजळीचा. निळा मात्र लाजवर्दाचा, म्हणजे अफगाणिस्तानातील बदख्शानकडचा. लाजवर्दाच्या कणावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले, तर निळाई जाते आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. भिंतीवर असले आम्ल चुकून लागले तर काय होईल, याची कल्पना आपणच करा.

१९९९ नंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी नवव्या व दहाव्या लेण्यांत ही सफाई हाती घेतली. काजळी व वार्निश यांच्याखाली गडप झालेल्या आकृती तेथे पुन्हा दिसू लागल्या.