रुग्णशय्येशेजारचे अध्यापन



माध्यमिक शाळेत शिकवू इच्छिणाऱ्यास बी.एड. व्हावे लागते. पाठ घ्यावे लागतात, मागच्या बाकावरचे निरीक्षक टिपणे काढतात. वैद्यकीय महाविद्यालयात मात्र एम.डी. अथवा एम.एस. झालेली व्यक्ती अध्यापनाचे धडे न घेताच दीर्घकाळ शिकवीत आली. निष्णात शल्यविशारद हा उत्तम शिक्षकही असणारच, हे गृहीतक किती तकलादू आहे, ते वॉर्डातला कोणताही विद्यार्थी सांगेल.

विल्यम ऑस्लर यांनी जॉन्स हॉपकिन्समध्ये विद्यार्थ्यांना व्याख्यानगृहातून रुग्णाच्या खाटेशी नेले, त्यास शंभरांहून अधिक वर्षे लोटली. खाटेशी नेल्यावर शिकवावे कसे, हा प्रश्न मात्र मागे राहिला. बाहेर ओपीडीची रांग वाढत असते, हाताशी जेमतेम पाच मिनिटे असतात. विद्यार्थी सांगतो, “सर, साठ वर्षांचे गृहस्थ, दोन आठवड्यांपासून धाप लागते.” घाईतले वरिष्ठ निदान सांगून मोकळे होतात, नाहीतर “एवढेही येत नाही?” असे सर्वांदेखत ऐकवतात. पहिल्या प्रकारात विद्यार्थ्याला विचार करावा लागत नाही. दुसरा प्रकार अधिक घातक. कारण पुढच्या वेळी तो शंका मनातच ठेवतो आणि तिची किंमत एखादा रुग्ण मोजतो.

1992 मध्ये अमेरिकेतील कुटुंबवैद्यकाच्या अध्यापकांनी यावर एक साधी रीत मांडली. ‘वन मिनिट प्रिसेप्टर’ या नावाने ती ओळखली जाते. शिक्षक प्रथम विचारतात, “तुम्हाला काय वाटते?” विद्यार्थी म्हणतो, “हृदय कमकुवत झाले असावे.” “कशावरून?” मग पायांवरची सूज, रात्री उशाशी दोन उशा घेण्याची गरज, हे धागे त्यालाच जोडावे लागतात. त्यानंतर शिक्षक एखादाच सर्वसाधारण नियम सांगतात. काय जमले ते नेमके सांगतात, नुसते ‘छान’ नव्हे. आणि मानेतील नीला पाहायची राहिली, हेही स्पष्ट करतात.

भारतात पुद्दुचेरीच्या जिपमेरमधील राष्ट्रीय शिक्षक प्रशिक्षण केंद्राने या कामाचा पाया घातला. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात 2005 पासून फाइमरची पाठ्यवृत्ती सुरू झाली. 2019 च्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमात रुग्णाशी संवादालाही स्थान मिळाले, तेव्हा अध्यापकांचे प्रशिक्षण अटळच झाले. या कार्यशाळांत प्राध्यापकांना सहकाऱ्यांपुढे पाठ घ्यावा लागतो, आणि त्यावरची टीकाही ऐकावी लागते. वीस वर्षे शिकविलेल्यांना हे अवघड जाते. तरी खरा लाभ त्यातच आहे. तीन दिवसांच्या कार्यशाळेने मात्र सवयी बदलत नाहीत. वर्षभर कोणी वॉर्डात येऊन पाहिले, तरच बदलतात.

इंदूर, बडोदे वा हैदराबाद येथील मराठी मुलांना घरची, शेजारची आणि पुस्तकाची अशा तीन भाषा अंगवळणी पडलेल्या असतात. वॉर्डात विद्यार्थी रुग्णाची कहाणी त्याच्या भाषेत ऐकतो, पण मांडतो इंग्रजीत, त्याच्याच डोक्यावरून. प्रशिक्षित शिक्षक तिथेच थांबवतात आणि म्हणतात, “आता हेच यांना कळेल असे सांगा.”