ताल सर्वांचा, पाऊल आपले



गावात वरात निघते, हलगी कडाडते आणि ओट्यावर बसलेल्या माणसाच्या पायांत काहीतरी हलू लागते. पण तो इकडेतिकडे पाहतो, टोपी सारखी करतो आणि शेजाऱ्याला म्हणतो, "छे, मला कुठं नाचता येतंय!" आज मला या एका वाक्याविषयीच बोलायचे आहे. कारण तीस वर्षे मी स्वतः ते म्हणत आलो.

सहावीत होतो. शाळेत लेझमीचा खेळ बसवीत होते. हलगी वाजली की माझे अंग आपोआप डोलायचे आणि पाऊल ओळीच्या पुढे जायचे. दोनचारदा सांगून झाल्यावर गुरुजींनी मला बाहेर काढले. म्हणाले, "तू पाणी द्यायला थांब." मुले हसली. मी घागरीपाशी जाऊन उभा राहिलो. गुरुजी काही दुष्ट नव्हते. पाहुण्यांपुढे ओळ सरळ दिसावी, एवढीच त्यांची इच्छा. पण त्या दिवसापासून माझे पाय जे गप्प झाले, ते झालेच.

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. मी प्राध्यापक झालो, स्नेहसंमेलनाचे काम माझ्याकडे आले, आणि मीही तेच केले. सिनेमाच्या गाण्यावरचे ठरलेले हातवारे एका विद्यार्थिनीला जमेनात. ती आपल्याच पद्धतीने, मोठ्या आनंदाने नाचत होती. मी तिला नाचातून काढून पडद्याची दोरी दिली. "बरं सर," एवढेच ती म्हणाली. त्या दोन शब्दांत मला घागरीपाशी उभे असलेले पोर ऐकू यायला हवे होते. आले नाही.

ते ऐकू आले वारीत. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंदहून तरडगावला निघते, तेव्हा वाटेत चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. तीन वर्षांपूर्वी मी ते पाहायला गेलो होतो. अश्व धावून गेला आणि माणसे खेळू लागली. कोणी पावली धरली, कोणी फुगडी. साठीच्या एका बाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "माउली, या की!" मी नेहमीचे वाक्य म्हटले. त्या हसून म्हणाल्या, "आवं, चुकायला हितं गणित हाय व्हय? धरा हात."

धरले. फुगडीची गंमत तुम्हांला ठाऊकच आहे. हातांची अढी घालायची, पावलाला पाऊल भिडवायचे आणि अंग मागे झोकून द्यायचे. दोघांचे वजन एकमेकांना तोलून धरते. मी स्वतःला राखून ठेवले, तर तोल जातो. झोकून दिले, की वेग येतो. चारपाच गिरक्यांनंतर मला आभाळ तेवढे दिसत होते. पाहणारे कोण, हसणारे कोण, काही दिसेना. थांबलो तेव्हा धाप लागली होती आणि डोळ्यांत पाणी होते.

तिथे पाहिले तर टाळ-मृदंगाचा ताल सर्वांचा एक. पण म्हाताऱ्याचे पाऊल म्हाताऱ्याचे, पोराचे पोराचे. तालाने सगळे बांधलेले आणि पावलाने मोकळे! पालघरकडच्या वारली पाड्यांवरचा तारपा नाच घ्या. दुधी भोपळ्याचा तो वाद्यप्रकार वाजविणारा मधे असतो आणि नाचणारे एकमेकांना धरून त्याच्याभोवती फिरतात. तारप्याकडे पाठ करायची नाही, असा रिवाज आहे. म्हणजे पाहा, पावले एकसारखी पडतात, पण तोंड पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे नसते. ते सुराकडे असते.

शिस्तीचा नाच वाईट, असे माझे म्हणणे नाही. भरतनाट्यम् शिकायला वर्षानुवर्षे लागतात आणि ती लागलीच पाहिजेत. लेझमीची सरळ ओळही डोळ्यांना सुखावते. पण सगळ्यांनाच गवई व्हायचे नसते म्हणून आपण गुणगुणायचे सोडतो का? अमेरिकेची नर्तकी इझाडोरा डंकन हिने बॅलेचे बूट टाकून दिले आणि ती अनवाणी, मोकळ्या अंगाने नाचली. 1904 साली तिने बर्लिनजवळ मुलांसाठी शाळाही काढली. नाच मुलांच्या अंगातूनच उमलावा, ही तिची धडपड होती.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, एक विनंती. शनिवारी सकाळी दहा मिनिटे काढा. एक हलगी, नाही तर पत्र्याचा डबा घ्या. ओळ नको, पाहुणे नकोत, बक्षीस नको. ज्याला जसे येईल तसे त्याने नाचावे. कोणी कोणाला हसायचे नाही, एवढाच नियम. कोपऱ्यात उभे राहणाऱ्या मुलाला ओढू नका. तुम्हीच आधी दोन पावले टाका. गुरुजींचेही पाऊल चुकते, हे दिसले की त्याची भीती निम्मी होईल.

माझी ती विद्यार्थिनी कॉलेज सोडून गेली. तिची क्षमा मागायची राहिली, ती या निमित्ताने मागतो. आणि तुमच्या गावात पुढची वरात निघेल, तेव्हा टोपी सारखी करीत बसू नका. खाली उतरा.